मुलांना जंगल दाखवण्याआधी त्याची गोष्ट सांगा: कोल्हापूरच्या पालकांसाठी दाजीपूर-चांदोलीची वाट

कोल्हापूरजवळच्या दाजीपूरच्या जंगलातून परतणाऱ्या गाड्यांमध्ये एकच तक्रार ऐकू येते: "काहीच दिसलं नाही." पहाटे चारला उठवलेली मुलं मागच्या सीटवर पेंगत असतात, आईवडिलांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं आणि पुढच्या सुट्टीत सगळे थेट वॉटरपार्कला जातात. जंगलाशी मुलाची ओळख तिथेच तुटते.

गवा दिसणं न दिसणं आपल्या हातात नाही. पण त्या जंगलाची गोष्ट हमखास दिसते. ती राधानगरी धरणाच्या भिंतीत असते, दाजीपूरच्या रानातल्या शिवगडावर असते, उठून गेलेल्या गावाच्या आंब्याखाली असते. हे जंगल कोणाचं होतं, ते कसं वाचलं आणि ते वाचावं म्हणून कोणी काय सोडलं, एवढं माहीत असलेलं मूल रिकाम्या हाताने परत येत नाही. स्वतःच्या आणि गल्लीतल्या मुलांना घेऊन जाता जाता मी जी पद्धत बसवली, ती इथे क्रमाने मांडतो. साधारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना ती चालते. त्याहून लहान मुलांना न्यायला हरकत नाही, पण मग इतिहासाचा आग्रह सोडा आणि त्यांना माती, पानं, पाणी बघू द्या.

1. आधी घरी: अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प

हे तिन्ही शब्द आपण सरसकट वापरतो आणि मुलंही तेच उचलतात. पण या तिघांना कायदा वेगवेगळं वागवतो आणि पुढची सगळी गोष्ट त्या फरकावर उभी आहे. म्हणून हे आधी साफ करून घ्या.

अभयारण्यात वन्यजीवांना संरक्षण असतं, पण आतल्या आणि काठावरच्या गावांचे काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. राधानगरी अभयारण्य, ज्यात दाजीपूरचं जंगल येतं, हे त्याचं उदाहरण. तिथे माणसं राहतात, शेती करतात, त्यांची गुरंढोरं आहेत. राष्ट्रीय उद्यानाचे नियम जास्त कडक असतात. तिथे गुरं चारायला मनाई असते आणि वस्तीला जागा नसते. चांदोली हे राष्ट्रीय उद्यान आहे, 317.67 चौरस किलोमीटरचं. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा त्यात येतात. व्याघ्र प्रकल्प म्हणजे वाघाला केंद्रस्थानी ठेवून केलेली मोठी आखणी. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

मुलांना सांगताना मी घराचं उदाहरण देतो. अभयारण्य म्हणजे घराचा सोपा, पुढची बसायची पडवी: पाहुणे येतात-जातात, पण पायताण बाहेर काढून. राष्ट्रीय उद्यान म्हणजे देवघर. सात वर्षांच्या पोरालाही हे लगेच समजतं.

2. सुतळीवरचा इतिहास

सन आणि तारखा मुलांच्या डोक्यात नुसत्या सांगून बसत नाहीत, हाताने मोजल्या की बसतात. आठ मीटर सुतळी घ्या. एक वर्ष म्हणजे 5 सेंटीमीटर. सुतळीचं एक टोक म्हणजे 1872. हॉलमध्ये मावत नसेल तर गॅलरीतून स्वयंपाकघरापर्यंत ताणा. मग मोजपट्टीने अंतर मोजून कागदाच्या चिठ्ठ्या लावायच्या. माझ्याकडच्या चिठ्ठ्या अशा:

- 1872: अमेरिकेत यलोस्टोन, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान.
- 1908 च्या सुमारास: राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं.
- 1936: भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तेव्हाचं नाव हेली, आजचं जिम कॉर्बेट.
- 1949: कोल्हापूर संस्थान विलीन झालं.
- 1952: भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.
- 1955: ताडोबा राष्ट्रीय उद्यान.
- 1958: दाजीपूर अभयारण्य.
- 1960: महाराष्ट्र राज्य.
- 1972: वन्यजीव संरक्षण कायदा. लगेच पुढच्या वर्षी, 1973 ला, व्याघ्र प्रकल्पांची सुरुवात.
- 1985: दाजीपूरचं क्षेत्र वाढून राधानगरी अभयारण्य, 351.16 चौरस किलोमीटर. चांदोली अभयारण्यही याच वर्षीचं.
- 2004: चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा.
- 2010: सह्याद्री व्याघ्र प्रकल्प.
- 2012: पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत.

आता याच सुतळीवर घरातल्यांच्या चिठ्ठ्या लावा. आजोबांचा जन्म, आईबाबांचं लग्न, मुलाची स्वतःची जन्मतारीख. ही पायरी गाळू नका. "आजोबा, तुम्ही जन्मलात तेव्हा दाजीपूर नव्हतं?" असा प्रश्न आला की बाकीचं काम आजोबा करतात. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी मग राधानगरीच्या रस्त्याने बैलगाडीतून केलेल्या प्रवासाचं वर्णन तासभर केलं आणि एकही पोर जागचं हललं नाही.

दोन गोष्टी मुलं सुतळीवरूनच हेरतात, तुम्ही आधी सांगू नका. एक, दाजीपूर महाराष्ट्र राज्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं आहे. दुसरी, वन्यजीवांचा देशभरचा कायदा यायच्या चौदा वर्षं आधीच आपल्याकडे अभयारण्य होतं. त्याला राज्यातलं पहिलं अभयारण्य म्हणतात. कोल्हापूरच्या मुलाला हे माहीत हवं आणि त्याचा अभिमानही वाटायला हवा.

3. शिकारीबद्दल खरं सांगा

इथे बरेच पालक आणि काही शिक्षकही अडखळतात. दाजीपूरचं जंगल शाहू महाराजांच्या काळात राखीव शिकारीचं रान होतं. आता ज्या राजाने वसतिगृहं काढली, शिक्षण सक्तीचं केलं, आरक्षण दिलं, तो शिकारही करायचा, हे मुलांना सांगायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे: सांगायचं. लपवलं तर मूल कधीतरी नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी पाहणारच आहे, आणि तेव्हा त्याला आपण फसवलो गेल्यासारखं वाटेल.

सांगण्याची रीत मात्र सांभाळा. त्या काळी राजेरजवाडे आणि इंग्रज अधिकारी शिकारीला मर्दुमकी मानत. शिकारीसाठी रान राखायचं म्हटलं की तिथली बेसुमार तोड थांबवावी लागे, पहारा ठेवावा लागे. त्यामुळे देशातली कितीतरी आजची अभयारण्यं ही कधीकाळची शिकारीची राखीव रानं आहेत. हेतू वेगळा होता, तरी झाडं उभी राहिली. त्या झाडांच्या सावलीत गवे टिकले आणि स्वातंत्र्यानंतर त्याच रानाला अभयारण्याचं संरक्षण मिळालं. दहा वर्षांच्या मुलाला ही गुंतागुंत झेपते. "मग ते चांगलं होतं की वाईट?" असं ते विचारतं. उत्तराची घाई करू नका. त्यावर मुलांना आपसात भांडू द्या.

याला जोडून चित्त्याची गोष्ट सांगा, कारण ती अस्सल कोल्हापूरची आहे. कोल्हापूर संस्थान चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करून घेण्यासाठी प्रसिद्ध होतं. चित्त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. ही शिकार दाजीपूरच्या दाट रानात नव्हे, मोकळ्या माळावर व्हायची, कारण चित्त्याला धावायला मैदान लागतं. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणले. मुलांना इथे थांबवून विचारा: जो प्राणी आपल्याकडे होता, तो परदेशातून का आणावा लागला? यातून "नामशेष" म्हणजे काय ते समजतं. पुढे 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत नामिबियाहून चित्ते आणले, हे मोठ्या मुलांनी बातम्यांत पाहिलेलं असतं. त्या दोन टोकांमध्ये आपलं शहर कुठेतरी आहे, हे कळल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात.

जंगलात जाण्याआधीच्या रविवारी नवा राजवाडा संग्रहालय दाखवा. सगळी दालनं एका फेरीत उरकू नका. फक्त प्राणी आणि शिकारीची स्मृतिचिन्हं पाहा. गव्याचं डोकं आणि शिंगं जवळून पाहिलेलं मूल रानात दूरवरचा काळा ठिपकाही ओळखतं.

4. शहरातच सराव

रानात शांत कसं बसायचं हे रानात गेल्यावर शिकवता येत नाही. सकाळी सहाच्या सुमारास रंकाळ्याचा किंवा कळंब्याचा काठ गाठा, नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या आवारात झाडी असलेला कोपरा शोधा. वीस मिनिटं एका जागी बसायचं, बोलायचं नाही, ऐकलेल्या प्रत्येक आवाजासाठी वहीत एक खूण करायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत सवय लागते. दुर्बीण डोळ्याला लावायचा सरावही इथेच होऊ द्या, नाहीतर रानात पक्षी उडून जातो आणि पोर अजून चाक फिरवत बसतं.

5. आधी कुठे, मग कुठे

पहिली भेट दाजीपूरलाच द्या. कोल्हापूरपासून राधानगरी साधारण 55 किलोमीटर, दाजीपूर 80 च्या आसपास. रस्ता भोगावतीच्या काठाकाठाने जातो, आणि तोही इतिहासाचाच भाग आहे. थेट जंगलाच्या फाटकावर जाऊन उभे राहू नका. वाटेत राधानगरीला थांबा.

राधानगरी हे नाव शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब महाराज, यांच्यावरून पडलं. धरणाच्या जलाशयाला लक्ष्मी तलाव म्हणतात. धरणाची क्षमता 8.36 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला गेलं की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात. पावसाळ्यात "राधानगरीचे दरवाजे उघडले" ही बातमी आली की पंचगंगेकाठच्या घरांत काय धावपळ होते, हे मुलांनी पाहिलेलं असतंच. म्हणून त्यांना तिथेच विचारा: हे पाणी तळ्यात येतं कुठून? समोरच्या डोंगरावरच्या रानातून. ते रान पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू ओढ्यांना सोडतं. कोल्हापूरला थेट पाइपलाइनने पाणी देणारं काळम्मावाडी धरणही याच भागातल्या दूधगंगेवर आहे. आपल्या घरातल्या तांब्यातलं पाणी आणि गव्याचं रान यांचा संबंध मुलांना जोडता आला की "जंगल कशाला हवं?" हा प्रश्न पुन्हा निघत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावातली बेनझीर व्हिला ही शाहूकालीन वास्तू उघडी पडते. मोठ्या मुलांना ती लांबून जरूर दाखवा. पाण्यात मात्र कोणालाही उतरू देऊ नका. धरणाच्या पाण्याचा तळ दिसत नाही आणि काठ निसरडे असतात.

चांदोली दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, आणि शक्यतो नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांना घेऊन. तिथली गोष्ट जास्त जड आहे, तिच्याकडे पुढे येतो.

6. हंगाम, परवानगी, कागदपत्रं

पावसाळ्यात दोन्ही ठिकाणी पर्यटकांना जंगलात जाऊ देत नाहीत. पाऊस संपून वाटा मोकळ्या झाल्या की प्रवेश सुरू होतो. हिरवळ आणि फुलं बघायची असतील तर अगदी सुरुवातीचे आठवडे, प्राणी बघायचे असतील तर मार्च ते मे. तेव्हा पाणवठे आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. मला स्वतःला मुलांसाठी डिसेंबर-जानेवारी आवडतो. ऊन सुसह्य असतं, पोरं चिडचिड करत नाहीत.

निघायच्या आधी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात किंवा त्या त्या परिक्षेत्र कार्यालयात फोन करून चार गोष्टी विचारून घ्या: प्रवेश सुरू आहे का, आठवड्यातला बंदचा वार कोणता, गाडी, माणशी आणि कॅमेऱ्याचं शुल्क किती, आणि स्वतःची गाडी आत चालेल की तिथली जीप घ्यावी लागेल. नियम आणि दर बदलत राहतात. ओळखीच्या कोणीतरी गेल्या वर्षी सांगितलेल्या माहितीवर निघू नका. फाटकावरून पोरांना घेऊन परत फिरणं फार वाईट.

सोबत ठेवा:

- मोठ्या माणसांची आधार कार्डं, मूळ प्रत. मुलांचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्र.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना.
- ऑनलाइन नोंदणी केली असेल तर पावतीची छापील प्रत. जंगलात रेंज जाते, मोबाइलवरची पावती ऐनवेळी उघडत नाही.
- रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत.
- शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी, प्रत्येक पालकाची लेखी संमती आणि सोबतच्या शिक्षकांची नावं. हे पत्र किमान दोन-तीन आठवडे आधी वनविभागाकडे पोचतं करा.

एसटीने जाणाऱ्यांनी रंकाळा स्टँडवरून राधानगरीकडची गाडी धरावी. पुढच्या गाड्या आणि परतीची शेवटची गाडी यांच्या वेळा तिथेच चौकशी खिडकीवर विचाराव्यात.

एक सापळा नीट लक्षात ठेवा. "रात्री आत नेतो, हमखास गवा दाखवतो" असं म्हणणारा कोणीतरी भेटतो. रात्री चोरून जंगलात शिरणं गुन्हा आहे. शिवाय कायदा आणि जंगल याबद्दल आठवडाभर शिकवलेलं सगळं मुलाच्या देखत मोडलं जातं. सरळ नाही म्हणा.

7. सामान

मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पूर्ण पँट, मोजे आणि बूट. लाल-पिवळं नको, अत्तर नको. पँट मोज्यात खोचायची, कारण गवतात गोचीड असते आणि ओल असताना जळवा. घरी आल्यावर मुलांचे पाय, काखा आणि कानामागचा भाग नीट तपासा. दोन-तीन दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

दुर्बीण 8×40 च्या आसपासची पुरते. त्याहून मोठी लहान हातात थरथरते. वही, दोन पेन्सिली, मोजपट्टी. जंगलाचा नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा. प्रथमोपचाराची पेटी, गाडी लागणाऱ्या मुलांसाठी डॉक्टरांना विचारून गोळी, आणि भरपूर पाणी. खायला भाकरी-चटणी, दशम्या, लाडू, डब्यात भडंग. चिप्सची पाकिटं नकोत. कुरकुर आवाज होतो आणि रिकामं पाकीट हमखास कुठेतरी पडतं. जे आत नेलं ते मोजून बाहेर आणायचं, आणि मोजायचं काम मुलांकडे द्यायचं.

8. फाटकाच्या आत

वाटाड्या घ्या. सक्ती असो वा नसो, घ्याच. तो बहुतेक इथल्याच वाडीतला असतो आणि त्याच्याकडे असलेली माहिती कुठल्याही पाटीवर लिहिलेली नसते. मुलांना त्याची ओळख नावाने करून द्या, त्याला मामा किंवा काका म्हणू द्या. मुलांचे प्रश्न आधी त्याच्याकडे जाऊ द्या, आपण मध्ये पडून उत्तरं देऊ नका. एका मामांनी आमच्या पोरांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, "बाळांनो, गवा तुमच्या आधी तुम्हाला बघतोय. तेव्हा शहाण्यासारखं वागायचं." पुढचे दोन तास मला कोणालाही दटावावं लागलं नाही.

गव्याबद्दल मुलांना नेमकं सांगा. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन हजार किलोच्या घरात जातं. पाय गुडघ्यापासून खाली पांढरट, जणू मोजे घातलेले. पाठीवर उंच वशिंडासारखा कणा. माद्या आणि वासरं कळपात राहतात. एकटा फिरणारा मोठा नर दिसला तर अंतर दुप्पट ठेवायचं. गवा थांबून रोखून बघायला लागला, नाकातून जोरात फुत्कारला, की तो इशारा असतो. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, सेल्फी तर अजिबात नाही. दाजीपूर-फोंडा रस्त्यावरही गवे आडवे येतात, म्हणून संध्याकाळी परतताना गाडी सावकाश.

आता मुलांच्या हाताला काम. महाराष्ट्राची मानचिन्हं शोधायला लावा: शेकरू, हरियाल, ताम्हण, आंबा आणि ब्लू मॉर्मन फुलपाखरू. ही पाचही इथल्या सह्याद्रीत भेटतात. शेकरू स्वतः दिसला नाही तरी उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा गोल घरटा दिसतो. तोही खूण म्हणून धरायचा. हरियाल सकाळी वड-उंबरावर फळं खायला येतात. पण पानांत इतके मिसळून जातात की आधी थवा उडतो आणि मग कळतं. ताम्हण फुललेला पाहायचा तर उन्हाळ्यात यावं लागतं, एवढं कळलं तरी मूल पुढच्या खेपेची तारीख स्वतःच मागतं.

कारवीची झुडपं दिसली की थांबा. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच एकत्र फुलते, बी धरते आणि मरते. "तू पहिलीत असताना फुलली असेल तर आता थेट आठवीत गेल्यावर," असा हिशेब मांडून दाखवा.

सड्यावर गेलात तर चालण्याची शिस्त कडक ठेवा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तो ओसाड वाटतो, म्हणून मुलं त्यावर पळापळी खेळू लागतात. पण त्या भेगांतल्या चिमूटभर मातीत पावसाळी फुलांची बी आणि कंद झोपलेले असतात. वाटाड्या चालेल त्या वाटेनेच चालायचं.

शिवगडावर किंवा उगवाई देवीच्या देवळाशी बसून डबा उघडा. देवाच्या नावाने राखलेलं रान, म्हणजे देवराई, ही कल्पना इथे सांगायला सोपी जाते. कायदा नव्हता, फाटक नव्हतं, पहारेकरी नव्हता, तरी गावाने फांदी तोडली नाही. 1872 च्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. घरी गेल्यावर त्या सुतळीला डावीकडे आणखी लांब सुतळी जोडावी लागेल, हे मुलांच्या लक्षात येतं. माझ्या मते पूर्ण उपक्रमातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे, कारण तोवर राष्ट्रीय उद्यान ही अमेरिकेतून आलेली कल्पना आहे असंच त्यांना वाटत असतं.

9. चांदोली: उठून गेलेल्या गावांची गोष्ट

चांदोलीला मणदूर-जाधववाडीच्या बाजूने प्रवेश आहे. वारणेवरचं मातीचं धरण, त्याचा वसंत सागर जलाशय, आणि त्याच्या मागे पसरलेलं दाट रान. इथे बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, भेकर, रानकुत्री आहेत. मुलं वाघाबद्दल विचारतील. वाघ दिसेल असं वचन देऊ नका. सह्याद्रीत वाघ फार थोडे आहेत, आणि ते वाढावेत म्हणूनच हा व्याघ्र प्रकल्प आहे, असं सरळ सांगा.

इथली खरी गोष्ट माणसांची आहे. आज राष्ट्रीय उद्यान असलेल्या या रानात गावं होती. नाचणी, वरी पिकत होती, जत्रा भरत होत्या, लग्नं होत होती. धरण झालं, अभयारण्य झालं, राष्ट्रीय उद्यान झालं, आणि ती गावं उठून खाली पठारावर, सपाटीवर वसवली गेली. झोळंबी हे आज पर्यटकांना सड्याचं नाव म्हणून माहीत असतं. ते गावाचं नाव आहे. "जनीचा आंबा" हे ठिकाण दाखवतील तेव्हा मुलांना विचारा, रानात आंब्याला बाईचं नाव कसं पडलं असेल? मग रानातली जुनी जोती, देवळाचे दगड, ओळीत लावलेली झाडं शोधायला सांगा. जंगलात झाडं ओळीत उगवत नाहीत. जिथे ओळ दिसली तिथे कोणाचं तरी परसू होतं.

हे सांगताना दोन टोकं टाळा. "लोक जंगल नासत होते म्हणून हलवले" असं सांगितलं तर ते खोटं आहे. त्याच लोकांनी पिढ्यान् पिढ्या त्या रानाशेजारी संसार केला. आणि "प्राण्यांसाठी माणसांवर अन्यायच झाला" एवढंच सांगून थांबलात तर मुलाच्या मनात गव्याबद्दल राग बसतो. आपल्या शेतीला मिळणारं वारणेचं पाणी, शांत झालेलं रान आणि कोणीतरी सोडलेलं घर, या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. पुनर्वसन झालेल्या वसाहती आपल्या परिसरात आहेत. ओळखीचं कोणी असेल तर मुलांना घेऊन त्यांच्या घरी जा. आधी विचारून जा, जाताना काहीतरी खाऊ न्या. वयस्क माणसांना त्यांच्या जुन्या गावाबद्दल बोलतं करा, आणि मुलांना फक्त ऐकायला सांगा. प्रश्नावली, व्हिडिओ, फोटो नको. कोणाच्या तरी दुःखाचा शाळेचा प्रकल्प होता कामा नये.

10. परतल्यावर

वही दुसऱ्याच दिवशी पूर्ण करून घ्या, आठवड्याने काही आठवत नाही. दिसलेलं एका पानावर, ऐकलेलं दुसऱ्यावर, आणि वाटाड्याने सांगितलेलं तिसऱ्यावर. सुतळीवर आजच्या तारखेची चिठ्ठी लागतेच.

मोठ्या मुलांना नकाशा द्या. राधानगरी आणि चांदोली ही दोन रानं रंगवायला सांगा आणि मधली जागा मोकळी ठेवायला सांगा. मग त्या मोकळ्या जागेत गगनबावडा, विशाळगड, आंबा घाट लिहू द्या. या पट्ट्यातल्या गगनबावडा आणि विशाळगडच्या रानांना अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. का, ते नकाशाच सांगतो: एका रानातून दुसऱ्या रानात जायला जनावरांना हीच वाट आहे. पावनखिंडीची वाट मुलांना ठाऊक असते, तिच्याच आसपास बिबट्या आणि गव्याची वाट आहे हे त्यांना फार आवडतं.

शेवटची कामाची गोष्ट. हल्ली गवे उसाच्या फडात येतात, शहराच्या वेशीपर्यंतही येतात. अशा वेळी बघ्यांची गर्दी जमते, पोरं दगड मारतात, जनावर बिथरतं आणि माणसं जखमी होतात. वनविभागाचा 1926 हा मदत क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या. गवा दिसला तर मागे फिरायचं, मोठ्या माणसाला सांगायचं आणि या क्रमांकावर फोन करायचा. गल्लीतल्या इतर मुलांना हे शिकवायची जबाबदारी जाऊन आलेल्या मुलांवरच टाका.